एकाआड एक ओळी

लग्नसराई लागल्याचं आमच्या गल्लीत सगळ्यांत आधी कुत्र्यांना कळतं. चौकापलीकडच्या बँडवाल्याने ट्रम्पेट तोंडाला लावलं की ही मंडळी माना वर करून सूर धरतात, आणि दोघांत जास्त बेसूर कोण हे ठरवणं अवघड होऊन बसतं. मग रस्त्यावर मांडवाचे बांबू घेऊन ट्रॅक्टर फिरू लागतात. दालमिलच्या भुसकटाच्या वासात बुंदीच्या तळणाचा वास मिसळतो. लातूरचं ऊन तर असं असतं की नवरदेवाच्या फेट्यापेक्षा त्याच्या मागच्या छत्रीवाल्याचा मान मोठा. यंदाही परवा एक वरात गेली. मी गॅलरीत उभी होते. वरातीत नाचणाऱ्यांपेक्षा मोबाइल वर धरणाऱ्यांचे हात जास्त होते. त्या मोबाइलांतलं चित्र एकदम स्वच्छ, एकसंध, घामाचा थेंबही मोजून घ्यावा असं. मला त्याचं कौतुक आहेच. पण ते हात पाहिले की मला दुसराच एक हात आठवतो आणि काही वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा पुन्हा सुरू होतो.

माझं काम जुन्या लग्नांचं. लोकांच्या माळ्यावरून, ट्रंकांतून निघालेल्या व्हिडिओ कॅसेटी माझ्याकडे येतात. त्या मी संगणकात उतरवते आणि जमेल तेवढ्या निवळून परत देते. पूर्वी शाळेत संगणक शिकवायचे. शाळा सुटली, संगणक सुटला नाही. आमच्या घरातून यावर टोमणा ठरलेला आहे. नवरा पाहुण्यांना सांगतो, हिला नातेवाइकांच्या लग्नाला जायला सवड नसते, पण परक्यांच्या जुन्या लग्नांना ही रोज हजर असते. खरंच आहे ते. मी न जेवलेल्या पंगती आणि न टाकलेल्या अक्षता यांचा हिशोब लावायला बसले तर उन्हाळा पुरायचा नाही.

आणि मला त्याचा कंटाळा येत नाही, याचं एक कारण त्या जुन्या चित्राची घडणच आहे. पडद्यावरचं चित्र म्हणजे आडव्या ओळी. या सगळ्या ओळी एका दमात पाठवणं तेव्हाच्या यंत्रणेला झेपणारं नव्हतं. मग कुणा डोकेबाज माणसांनी युक्ती काढली. आधी एक सोडून एक अशा अर्ध्या ओळी घ्यायच्या, आणि लगेच मागोमाग उरलेल्या अर्ध्या. पंगतीत दोघे वाढपी कसे जातात? पहिला एक पान सोडून एक पानावर वरण वाढत पुढे जातो, दुसरा राहिलेली पानं धरत मागून येतो, आणि जेवणाऱ्याला वाटतं पंगत एकदमच वाढून झाली. तसंच हे. अशा अर्ध्या ओळींच्या संचाला आमच्या कामात फील्ड म्हणतात, आणि दोन फील्ड मिळून एक अख्खं चित्र होतं, ती फ्रेम. सेकंदाला फ्रेमा पंचवीस, पण फील्ड पन्नास. गंमत अशी की दुसरा वाढपी येईपर्यंत काळ जरासा पुढे सरकलेला असतो. म्हणजे एका चित्रात दोन वेगवेगळे क्षण एकाआड एक ओळींत मांडीला मांडी लावून बसलेले असतात. माणूस स्वस्थ उभा असेल तर पत्ता लागत नाही. त्याने हात हलवला, की संगणकाच्या पडद्यावर त्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात येतात, कारण एका क्षणी हात इथे होता आणि दुसऱ्या क्षणी तिथे.

हे दात लोकांना आवडत नाहीत. ते घालवायचे सोपे मार्ग दोन. अर्ध्या ओळी सरळ फेकून द्यायच्या, किंवा दोन्ही क्षण एकमेकांत कालवून टाकायचे. काम भागतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण मला ते जिवावर येतं. कुणीतरी भर उन्हात खांद्यावर कॅमेरा पेलून सेकंदाचे पन्नास क्षण टिपले आणि आपण गारव्याला बसून त्यातले निम्मे केरात टाकायचे, हे काही बरं नाही. म्हणून मी संगणकाला द्यायच्या सूचना, म्हणजे माझ्या स्क्रिप्टा, स्वतः लिहिते. त्यात प्रत्येक फील्डचं वेगळं चित्र करते. गाळलेल्या ओळी शेजारच्या ओळींवरून आणि मागच्या-पुढच्या क्षणांवरून भरून घेते. एवढं केलं की माणसं पुन्हा पाण्यासारखी वाहती चालायला लागतात.

फक्त एक गोष्ट आधी ठरवावी लागते. पहिला वाढपी कोणता? वरच्या ओळीपासून निघालेला की तिच्याखालच्या? कॅसेट कोणत्या यंत्रातून उतरवली त्यावर ते ठरतं, आणि फाइलवर जे लिहिलेलं असतं ते खरं असेलच असं नाही. क्रम उलटा धरला तर माणसं पुढे जाता जाता मागे हिसका खातात. बसलेल्या आजोबांत काही फरक पडत नाही, नाचणाऱ्या करवल्यांचे मात्र हाल होतात. माझी परीक्षा साधी आहे. मी अक्षता पाहते. अक्षता वर जात नाहीत. माझ्या पडद्यावर त्या पडता पडता वर उसळी घेत असतील तर क्रम चुकलाय, आणि सरळ खाली येत असतील तर बरोबर आहे.

त्या उन्हाळ्यात शिवराजअण्णा उदगीरहून स्वतः आले होते. उदगीरला त्यांचा फोटो स्टुडिओ, कपाळाला विभूती, आवाज असा की फोटो काढताना ‘हसा’ म्हणाले तर माणूस दचकावा. कर्नाटकच्या सीमेवरच्या गावांतली निम्मी लग्नं त्यांनी खांद्यावर कॅमेरा घेऊन टिपलेली. एरवी ते कॅसेटी एसटीच्या पार्सलने पाठवत. त्या दिवशी मात्र हातात पिशवी, आणि पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला त्यांचा जुना व्हीसीआर. त्यांचं म्हणणं, ही कॅसेट याच यंत्रावर सरळ चालते, दुसऱ्यावर चित्र थरथरतं. त्यांच्याबरोबर नांदेडहून आलेली एक बाई होती. उदगीरची माहेरवाशीण. नाव उज्ज्वला. कॅसेट तिच्या लग्नाची होती.

मी चहाला विचारलं. ती म्हणाली, “अव्वा म्हणती, साखर कमी टाका.”

मी दाराकडे पाहिलं. मागून तिची आई येत असेल असं वाटलं. कुणी नव्हतं. उज्ज्वला ओशाळली आणि पदर सारखा करत बसली. अण्णांनीच मग सांगितलं. तिच्या अव्वाला, म्हणजे आईला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. वडील लवकर गेले. मायलेकी मामाच्या घरी राहिल्या. हातांची भाषा शिकवणारी शाळा तेव्हा त्यांच्या वाट्याला कुठली यायला. त्या दोघींनी आपली आपली भाषा केली, दोघींपुरती. बोलायला लागल्यापासून उज्ज्वला आईचं तोंड झाली. मोंढ्यात, दवाखान्यात, पिठाच्या गिरणीवर अव्वाचे हात चालायचे आणि ही परकरातली पोर ठसक्यात सांगायची, अव्वा म्हणती ही तूर किडकी हाय, अव्वा म्हणती जरा बारीक दळा. आई जाऊन इतकी वर्षं झाली, पण स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की अजून तिच्या तोंडून तेच शब्द बाहेर पडतात. मी साखर कमी घातली. तिने चहा निमूटपणे प्यायला.

ते सगळं ऐकताना मला त्या न पाहिलेल्या बाईचं फार कौतुक वाटत होतं. आपण शब्द फुकट मिळालेली माणसं, दिवसभर उधळत असतो. हिने एकेक शब्द हाताने घडवला, लेकीला शिकवला आणि त्यावर अख्खा बाजार केला.

मग उज्ज्वलाने आपलं दुखणं सांगितलं. लग्न उन्हाळ्यातलं. पाठवणीला जीप निघाली तेव्हा ती मागच्या सीटवर बाशिंग सांभाळत मान खाली घालून रडत होती. अव्वाने मागून हाताने काहीतरी सांगितलं. ते हिने पाहिलंच नाही. आठवड्याभराने मामींशी बोलणं झालं तेव्हा मामी म्हणाल्या, तुझ्या अव्वानं हात झटकला गं, जा म्हणाली, तोंड दाखवू नको म्हणाली. मामींच्या मनात वाईट नसेल. त्यांना ती भाषा येत नव्हती, दिसलं ते सांगितलं. पंचमीला माहेरी गेले की अव्वालाच विचारीन, असं उज्ज्वलाने ठरवलं होतं. पण पंचमीच्या आधीच अव्वा गेली.

लग्नाची सीडी होती. ती तिने किती वेळा पाहिली असेल कोण जाणे. त्या सीडीची कथा वेगळीच. तेव्हा लग्नाच्या चित्रणाचं ‘मिक्सिंग’ करायची पद्धत होती. मूळ चित्रण बाहेरगावी एखाद्या मिक्सिंगवाल्याकडे जायचं, आणि तो नवरीला कमळातून काढायचा, नवरदेवाला ताजमहालासमोर उभा करायचा. पाठवणी तर त्याची खास जागा. तिथे त्याने बदामाची चौकट टाकली होती, वर दुःखी गाणं, आणि तोच तुकडा पुढे-मागे, पुढे-मागे फिरवला होता. त्या काळी ही मोठी कलाकुसर समजली जाई. पण त्यामुळे बदामाच्या काठाशी दिसणारा अव्वाचा हात नुसता पुढे-मागे हिसके देत राहायचा. पाहणाऱ्याने मामींचं ऐकलेलं असेल तर त्याला तेच दिसणार. आईचं तोंड असलेली पोर आईला सोडून गेली, म्हणून आईने हात झटकला. इतकी वर्षं उज्ज्वला हेच उराशी धरून नांदत होती.

त्या उन्हाळ्यात मामेभावाच्या लग्नाला ती उदगीरला आली आणि सहज अण्णांच्या दुकानात शिरली. मूळ कॅसेट असण्याची आशा नव्हतीच. मिक्सिंग झालं की मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची, एकावर दुसरं लग्न चढवायचं, ही सगळ्यांचीच रीत. पण अण्णांनी फळीवरून ही कॅसेट काढून दिली. तिच्या कडेचा प्लास्टिकचा टवका तोडलेला होता. तो तोडला की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. मी विचारलं, हे कुणी तोडलं? अण्णांनी त्या जागेवर बोट ठेवलं.

“म्याच तोडला, बाई. कॅमेऱ्यातून बघताना मला काय कळलं न्हाई. पण ती मावली बोलून राहिली होती, एवढं कळलं. कुणी बोलत असलं तर मधीच पुसू न्हाई.”

इतक्या वर्षांत किती कॅसेटी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. त्यातली एक, न कळलेल्या बोलण्यासाठी, त्यांनी बाजूला काढून ठेवली. अण्णांच्या त्या घोगऱ्या आवाजावर मी आजवर बरेच विनोद केले होते. त्या दिवसापासून जरा कमी करते.

कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली. दुपारची वेळ, कूलरच्या वाळ्याचा वास, बाहेर कुठल्यातरी मांडवात मंगलाष्टकं चाललेली. पडद्यावर पाठवणी आली. उतरतीचं ऊन, जीप, बायकांची गर्दी, आणि जीपच्या मागे एकटी उभी असलेली किडकिडीत बाई. संगणकात उतरवतानाच मी नेहमीसारखा झटपट पाहण्याचा नमुना लावला होता, त्यात दोन्ही फील्ड एकमेकांत कालवलेले असतात. बदामाची चौकट नव्हती, गाणं नव्हतं, मागे-पुढे नव्हतं. अव्वाचा हात जीपच्या दिशेने लांब झाला, तोंडासमोर नुसता धूर झाला आणि मग छातीवर येऊन आदळला. पुन्हा तसंच. उज्ज्वला हळू आवाजात म्हणाली, “छाती बडवून घेऊन राहिली.”

रागावलेल्या आईपेक्षा हे तिला जड गेलं. रागावलेल्या आईचा निदान रुसवा तरी धरता येतो. ती उठायला लागली. म्हणाली, जाऊ द्या ताई, बघितलं, झालं. अण्णा चपला शोधू लागले. मी दोघांना बसवलं. हातांनीच बोलणाऱ्या बाईचे दोन क्षण एकत्र कालवायचे म्हणजे बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर उशी ठेवण्यासारखं होतं. तोंडासमोर धूर दिसला, तिथेच तिने काहीतरी म्हटलं होतं, याची मला खात्री वाटत होती. पण ते काय, हे मला ठाऊक नव्हतं, आणि भलतंच निघालं तर या बाईला घरी कशी पाठवायची याची भीतीही वाटत होती.

मी कालवणं बंद केलं आणि प्रत्येक फील्ड सुटा केला. पाठवणीचा तुकडा पुन्हा लावला. अव्वाचा हात आता स्वच्छ होता, पण थरथरत पुढे-मागे हिसके खात होता, जवळजवळ सीडीतल्यासारखाच. उज्ज्वलाने डोळे मिटले. क्रम उलटा लागला असणार हे मला दिसत होतं, पण अण्णांच्या यंत्राचा क्रम मला माहीत नव्हता. आणि आपल्याला हवं तसं दिसावं म्हणून क्रम बदलायचा, हे मला पटेना. काहीतरी पुरावा हवा. पाठवणीत अक्षता नव्हत्या. मी हातावरून नजर काढली आणि बाकीचं चित्र पाहायला लागले. डाव्या कोपऱ्यात एक बाई नवरीवरून ओवाळलेल्या तांब्यातलं पाणी रस्त्यावर ओतत होती. ते पाणी पडता पडता वर उसळत होतं. एवढंच पुरे होतं. मी स्क्रिप्टमधला एक शब्द बदलला, क्रम फिरवला, आणि कोपऱ्यातलं पाणी सरळ धारेने खाली मातीत पडलं.

मग कुठे मी उज्ज्वलाला म्हटलं, आता बघ.

मी चित्राचा वेग कमी केला. अव्वाचा हात शांतपणे निघाला. बोटं जुळवलेली, जीपच्या दिशेने लांब, जणू लेकीच्या तोंडाजवळचं काही उचलायचंय. ती बोटं मागे आली आणि तिच्या स्वतःच्या ओठांवर टेकली. चांगली टेकली, ओठ किंचित दबलेले दिसले. मग तळवा खाली आला आणि छातीवर बसला. आदळला नाही, बसला. तिथेच जरा राहिला. पुन्हा हात लांब, पुन्हा ओठ, पुन्हा छाती. आणि या सगळ्यात चेहरा रडका नव्हता. कामात असलेल्या माणसाचा असतो तसा होता.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी उज्ज्वलाकडे. ही भाषा जाणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं.

उज्ज्वलाचा हात आपोआप उचलला गेला. आधी तिने नेहमीची खूण करून दाखवली, बाजारातली. बोटं स्वतःच्या ओठांना लावून समोर मुलीच्या ओठांकडे न्यायची. म्हणजे, माझं बोलणं तू बोल. लहानपणापासून दिवसातून शंभरदा पाहिलेली. मग तिने पडद्यावरची खूण केली. समोरच्या ओठांवरून आपल्या ओठांकडे, आणि तिथून छातीकडे. उलट्या दिशेची ही खूण अव्वाने कधी केली नव्हती. त्या दिवशी, जीप सुटता सुटता, तिने ती नवीन घडवली होती.

“माझं बोलणं मला परत दे, म्हणती,” उज्ज्वला म्हणाली. “माझं मी बघते. तू जा.”

ती खूप रडली. अण्णांनी टॉवेल पुढे केला, त्यात व्हीसीआरची धूळ होती, तो मी काढून घेतला आणि दुसरा दिला. मीही रडले, त्याची लाज वाटत नाही. शब्द नसलेल्या बाईने आपल्याजवळचा एकुलता एक आवाज मोकळा करून पाठवला होता. आणि ते उमटलं होतं कुठे, तर एकाआड एक ओळींत, सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शात, लोक ज्याला कचरा म्हणून गाळतात त्या जागी. ज्यांनी ही ओळींची युक्ती काढली त्यांना उदगीरच्या या बाईचा पत्ता असायचं कारण नव्हतं. तरी त्यांनी तिच्यासाठी जागा ठेवली, असंच मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

आता नवीन कॅमेरे अख्खं चित्र एकदम घेतात. वाढपी दोन लागत नाहीत, दात येत नाहीत, क्रमाची भानगड नाही. माझं काम एक दिवस संपेल, आणि ते बरंच आहे. पण लग्नसराईत बँड वाजला की मी अजून पाठवणीच्या तुकड्यांशी थांबते. मुख्य माणसं सोडून कोपऱ्यातल्या, कडेच्या, पाठीमागच्या बायकांचे हात पाहते. कोण काय म्हणून गेलं असेल, सांगता येत नाही.

त्या दुपारी रडून झाल्यावर उज्ज्वलाने तोंड धुतलं. पडद्यावर अव्वाचा तळवा छातीवर थांबवलेला होता. मी चहाचं आधण ठेवलं आणि मघासारखाच साखरेचा डबा उघडून चमचा अर्धाच भरला. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“ताई,” ती म्हणाली, “मी म्हणते, साखर जरा जास्त टाका.”

मी चमचा ठेवून दिला आणि डबाच तिच्या हातात दिला.